पावसात रनवे संपला तर? विमान रनवेबाहेर जायची रिस्क मोजतात तरी कशी

खिडकीजवळचा · शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, धागा काढायला निमित्त परवाचं. नागपूरहून मुंबईला येत होतो, आई सोबत होती, बाहेर धो धो पाऊस आणि खिडकीतून नुसतं पांढरं. खाली निळ्या ताडपत्र्या दिसायला लागल्या म्हणजे आता टेकणारच असं म्हणेपर्यंत इंजिनं एकदम किंचाळली आणि आम्ही परत वर. आईने रामरक्षा सुरू केली ती भीमरूपीवर येऊन थांबली. पलीकडच्या रांगेतले एक काका जोरात, 'अरे शिकाऊ ड्रायव्हर बसवलाय का?' वीसेक मिनिटं घिरट्या घालून दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा विमान असं काही आपटलं की माझी पाण्याची बाटली सीटखालून पुढे तीन रांगा गेली. काका परत बोललेच.

घरी आल्यावर झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि मंगलोर, कालिकतचे विमान अपघात सगळं परत डोळ्यासमोर आलं. प्रश्न असा आहे की विमान रनवे संपूनही पुढे जातं त्याला ओव्हररन म्हणतात, हे कळलं, पण अमुक विमानतळावर असं व्हायची शक्यता किती हे आधी कोणी काढतं का? की अपघात झाल्यावर समिती नेमायची आणि तोवर देवाची कृपा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. गूगलवरचे डकवू नका, ते मी वाचलंय.

सांगलीचा_पाव्हणा · रविवार, सकाळी ७:०५

रुमाल टाकून ठेवतो. डिस्पॅचकाका आले की धागा रंगणार.

काडीलाव · रविवार, सकाळी ७:५०

कसली रिस्क अन कसलं काय. रनवे मोठे बांधा, विषय संपला. समृद्धी महामार्गाला जागा मिळते, रनवेला मिळत नाही?

डिस्पॅचकाका · रविवार, सकाळी ९:३०

आलो बाबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी बत्तीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली, आता डोंबिवलीत नातवाला शाळेत सोडतो. पायलट नव्हतो. पायलट निघायच्या आधी इंधन किती, वजन किती, तिकडचं हवामान काय, रनवे पुरतो का, हा हिशोब करून त्याच्या हातात कागद देणारा माणूस तो मी.

काडीलावराव, लांबीनेच भागत असतं तर प्रश्नच नव्हता. आधी एक साधं गणित बघा. ७३७-८०० सारखं विमान उतरताना साधारण १४० नॉट्सने येतं, म्हणजे ताशी २६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. आता पायलटने विमान मऊसूत टेकवायच्या नादात जमिनीवर पाच सेकंद तरंगत ठेवलं तर ३६० मीटर रनवे मागे गेला, एकही ब्रेक न लावता. आणि जो मागे गेला तो परत येत नाही. आमच्यात म्हण आहे, मागे राहिलेला रनवे आणि टँकरमध्ये राहिलेलं इंधन, दोन्हीचा उपयोग शून्य.

दुसरं, वारा. समोरून वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग कमी, पाठीमागून असेल तर जास्त. १४ नॉट्सचा वारा पाठीमागून आला तर १४० चे १५४ झाले, म्हणजे दहा टक्के वाढ. पण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे ते एकवीस टक्क्यांनी वाढलं. तुम्ही म्हणाल १४ नॉट्स म्हणजे काय, साधी झुळूक, छत्रीसुद्धा उलटत नाही त्यात. हो, पण विमान उलटत नाही, पुढे जातं.

आता कागदावरची मार्जिन बघा. विमान बनवणाऱ्याने चाचणीत कोरड्या रनवेवर जे थांबायचं अंतर काढलेलं असतं ते उपलब्ध रनवेच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे. म्हणजे चाचणीत १५०० मीटर लागत असतील तर मला २५०० मीटरचा रनवे हवा. ओला असेल तर त्यावर अजून १५ टक्के, म्हणजे २८७५. एवढी गादी आहे. अपघात होतो तेव्हा ही गादी एकाच कारणाने संपत नाही, थोडी उंचीने खाल्ली, थोडी वेगाने, थोडी वाऱ्याने, थोडी पाण्याने, आणि राहिलेली 'होईल की नीट' ने.

परवाचं तुमचं लँडिंग. पायलटने पहिल्यांदा सोडून दिलं ते उत्तम केलं. दुसऱ्यांदा आपटलं तेही मुद्दाम असण्याची शक्यता बरीच आहे. पावसात मऊ टेकवायचं नसतं, चाक पाण्याचा थर फोडून डांबराला लागलं पाहिजे. तुमच्या त्या काकांना सांगा, शिकाऊ नव्हता.

रस्तेबांधणी · रविवार, सकाळी १०:१५

डिस्पॅचकाकांना +१. मी पेव्हमेंटवाला, आधी हायवे, मग सहा वर्षं विमानतळांची कामं. पाण्याबद्दल लिहितो कारण लोकांना वाटतं ओला म्हणजे ओला.

टायर पाण्यावर तरंगायला लागतं त्याचं एक जुनं नासाचं सूत्र आहे, टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९ बरोबर वेग नॉट्समध्ये. दाब २०० पीएसआय धरा, वर्गमूळ चौदा आणि थोडं, उत्तर आलं १२७ नॉट्स. म्हणजे १४० ने टेकलेलं विमान साचलेल्या पाण्यात पहिले काही सेकंद ब्रेकवर नसतंच मुळी, होडी असते ती. म्हणून रनवेला मधून दोन्हीकडे उतार देतात आणि आडव्या खाचा पाडतात, अमेरिकन पद्धतीत पाव इंच रुंद, पाव इंच खोल, दीड दीड इंचावर. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर २००७ च्या जुलैत जो भयानक अपघात झाला, १९९ माणसं गेली, तिथे रनवे नुकताच नवीन केला होता आणि खाचा पाडायच्या राहिल्या होत्या. मुख्य कारणांत इंजिनाचा एक लिव्हर चुकीच्या जागी राहिल्याचंही आहे, पण खाचांची गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

अजून एक गोष्ट जी बाहेर कुणी बोलत नाही, रबर. विमान टेकतं तेव्हा चाक फिरत नसतं, क्षणात शून्यावरून पूर्ण वेगाला जातं आणि धूर दिसतो ना, ते जळलेलं रबर रनवेला चिकटतं. दोन्ही बाजूंनी लँडिंग होतात त्यामुळे दोन्ही टोकांना रबराचे काळे पट्टे. आता विचार करा, लांब टेकलेल्या विमानाला जिवाच्या आकांताने ब्रेक कुठे लावायचेत? पलीकडच्या टोकाला, बरोब्बर त्या रबरावर, आणि वरून पाऊस. ते रबर ठरावीक दिवसांनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढावं लागतं आणि घर्षण मोजायची गाडी फिरवावी लागते. मुंबईचे रनवे पावसाच्या आधी दुरुस्तीला बंद ठेवतात आणि लोक शिव्या देतात, त्यात हेही असतं.

पेठेतली_आजी · रविवार, सकाळी ११:००

मी आजपर्यंत मऊ उतरलं की टाळ्या वाजवायचे 🙏 आता आपटलं की वाजवेन.

आकडेमोड · रविवार, रात्री ८:१०

मी कॅनडात मिसिसागात राहते, विम्याच्या क्षेत्रात रिस्कचीच आकडेमोड करते, विमानांची नाही. पण टोरांटो विमानतळाच्या त्या घळीजवळून ४०१ हायवेने रोज जाते. २ ऑगस्ट २००५ ला एअर फ्रान्सचं ए३४० वादळी पावसात रनवे ओलांडून तिथे गेलं आणि पेटलं. ३०९ माणसं होती, सगळी जिवंत बाहेर आली. तेव्हापासून या विषयाचा नाद आहे.

धागाकर्त्याचा मूळ प्रश्न, आधी मोजतात का. हो. अमेरिकेत २००८ मध्ये ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या एसीआरपी या विमानतळ संशोधन कार्यक्रमातून एक अहवाल आला, मग २०११ ला सुधारित. पद्धत तीन प्रश्नांची आहे. विमान रनवेबाहेर जायची शक्यता किती? गेलं तर किती लांब जाईल? आणि तिथे काय आहे? तिन्ही उत्तरांचा गुणाकार.

पहिल्या प्रश्नातली गंमत सांगते कारण तिथेच सगळे फसतात. समजा तुम्ही म्हणालात, ओव्हररनचे बहुतेक अपघात पावसात होतात. बरं, मग? पावसात किती विमानं नीट उतरली ते माहीत आहे का? कसारा घाटात रात्री अपघात जास्त होतात असं म्हणायचं तर रात्री घाटातून किती गाड्या जातात हे आधी मोजायला हवं, नाहीतर ते नुसतं चहाच्या टपरीवरचं ज्ञान. म्हणून त्या लोकांनी अपघातांची यादी केली आणि तेवढ्यावर न थांबता काहीच न घडलेल्या लँडिंगची, साध्या कंटाळवाण्या लँडिंगची माहिती सुद्धा गोळा केली, प्रत्येकाला हवामान काय होतं, वारा कुठला, विमान कुठलं. मग दोन्ही शेजारी ठेवून कुठला घटक शक्यता कितीने वाढवतो ते काढलं. हे घटक एकमेकांत मिळवत नाहीत तर गुणत जातात. डिस्पॅचकाका म्हणाले ना थोडं थोडं खाल्लं, ते गणितात असं दिसतं.

दुसरा प्रश्न सोपा आहे, टोकापासून जेवढं लांब तेवढी विमान पोचायची शक्यता कमी, वक्र घसरगुंडीसारखा खाली येतो. अमेरिकन विमान खात्याच्या जुन्या अभ्यासात साधारण ९० टक्के ओव्हररन टोकापासून १००० फुटांच्या आत थांबलेले दिसले. आता आंतरराष्ट्रीय नियम बघा, टोकापुढे ६० मीटरची पट्टी आणि त्यापुढे २४० मीटर रेसा, म्हणजे रनवे एंड सेफ्टी एरिया, असावा अशी शिफारस. ६० अधिक २४०, झाले ३०० मीटर, म्हणजे जवळपास तेच १००० फूट. पण ही शिफारस आहे. सक्ती फक्त ९० मीटरची.

तिसरा प्रश्न मात्र आपल्याकडे सगळं उलटंपालटं करतो. एखाद्या सपाट मैदानातल्या आणि एखाद्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून केलेल्या, विमानतळावर पहिला आकडा अगदी सारखा असू शकतो. तेच विमान, तोच पाऊस, तोच पायलट. पण सपाटावर विमान चिखलात रुततं, बातमी तिसऱ्या पानावर. टेबलटॉपला दरी. त्यामुळे 'हा विमानतळ धोकादायक आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे, तिथे चूक व्हायची शक्यता जास्त नसते, चूक झाल्यावर माफी नसते.

काडीलाव · रविवार, रात्री ९:००

ताई, चिखलात रुतलं तरी मुंबई बुडते बरं का. २०१९ ला १ जुलैला जयपूरवरून आलेलं विमान रनवे सोडून चिखलात गेलं, कोणाला लागलं नाही पण मेन रनवे कित्येक दिवस बंद, माझं दिल्लीचं तिकीट गेलं. त्याचा पण गुणाकार करा.

आकडेमोड · रविवार, रात्री ९:२०

करतात. परिणामात रनवे बंद राहिल्याचा खर्चही धरता येतो. तुमचं तिकीट धरलेलं नसावं 😄

मलबारी_मराठी · सोमवार, सकाळी ६:४५

कालिकतचं नाव आलंय म्हणून लिहितोय नाहीतर मी वाचनमात्र. बँकेच्या बदलीवर मी तिकडे पाच वर्षं होतो, २०२० ला तिथेच. (गावाचं नाव कोळिकोड असं म्हणायचं जवळपास, झ नाही हो, ते इंग्रजी स्पेलिंगने केलेलं वाटोळं आहे.)

७ ऑगस्टची रात्र. पाऊस असा की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. करिपूर विमानतळ डोंगरमाथ्यावर आहे, आजूबाजूला वस्ती. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान रनवे ओलांडून खाली गेलं, तुकडे झाले. १९० लोक होते, त्यातले २१ गेले, दोन्ही पायलट त्यात. कोंडोट्टी भाग तेव्हा कंटेनमेंट झोन होता, लोकांना घराबाहेर पडायची बंदी, आणि तरी लोक आपापल्या गाड्या घेऊन धावले, अँब्युलन्सची वाट बघितली नाही, लहान मुलांना कडेवर घेऊन हॉस्पिटलात नेलं आणि नंतर सगळे क्वारंटाइनमध्ये जाऊन बसले. आमच्या ब्रँचचा शिपाई त्यातला एक. चौदा दिवसांनी कामावर आला, काही बोलला नाही.

विमानाने पेट घेतला नाही हे नशीब. मंगलोरला ते नशीब नव्हतं.

खिडकीजवळचा · सोमवार, सकाळी ८:३०

वाचून काटा आला. त्या विमानाचे कॅप्टन साठे म्हणजे आपल्या नागपूरचे ना? आमच्याकडे तेव्हा सगळे त्यांनी लोकांना वाचवलं म्हणून लिहीत होते, व्हॉट्सॅपवर तर कविता फिरत होत्या. आणि वर्षाने अहवाल आला तर म्हणे पायलटची चूक. खरं काय धरायचं?

डिस्पॅचकाका · सोमवार, सकाळी ११:१०

हा प्रतिसाद जपून लिहितोय. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले, अनुभवी, माणूस म्हणून ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं ते आदरानेच बोलतात. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. पण अहवाल वाचायचा तर सगळा वाचायचा.

पहिल्यांदा ते रनवे २८ वर आले, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला, सोडून दिलं आणि वर गेले. बरोबरच केलं. मग त्याच रनवेवर उलट बाजूने, म्हणजे रनवे १० वर आले, आणि तिकडून वारा पाठीमागून होता, साधारण १४ नॉट्स, वर मी जे उदाहरण दिलं ते उगाच नव्हतं दिलं. रनवे ८८५८ फूट, विमान टेकलं ४४३८ फुटांवर. निम्मा रनवे गेला. उरला साधारण साडेतेराशे मीटर, ओला, वारा ढकलतोय. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे सोडून परत वर चला, म्हटलं. झालं नाही.

अहवालाने हे म्हटलंच, पण त्यात हेही आहे की त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठीही त्यांचंच नाव होतं. म्हणजे कोईमतूरला वळवलं असतं तर सकाळची फ्लाइट कोणी न्यायची हा विचार डोक्यात असू शकतो. बैल घराकडे निघाला की गाडीवानाला चाबूक लागत नाही म्हणतात ना, पायलटांचंही तेच. घर समोर दिसतंय, पाच मिनिटांत उतरतोय, आता कुठे परत फिरा.

आणि हे एका माणसाचं नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने जगभरचं बघितलं त्यात शंभरातले साधारण तीन-चार अप्रोच (उतरायला खाली येणं) अनस्टेबल असतात, म्हणजे वेग जास्त किंवा उंची जास्त किंवा अजून काही. नियम सांगतो सोडून द्या. त्यातले सोडून किती देतात? तीन टक्के. सत्त्याण्णव टक्के तसेच उतरतात. आणि बहुतेक वेळा नीट उतरतात, हीच खरी अडचण आहे, कारण दर वेळी नीट उतरल्यावर माणूस शिकतो की चालतंय.

सांगलीचा_पाव्हणा · सोमवार, दुपारी १:००

सत्त्याण्णव!! आमच्या एसटीवाल्यांचं बरं म्हणायचं.

मंगलोरला पण कोपायलट बोललेला ना?

डिस्पॅचकाका · सोमवार, दुपारी ३:४५

तीनदा. २२ मे २०१०, पहाटे दुबईहून, सहाच्या सुमारास लँडिंग. १६६ पैकी १५८ गेले. चौकशी आपल्या पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॅप्टन प्रवासात दीडेक तास झोपलेले, रेकॉर्डरवर घोरणं ऐकू येतं, आणि झोपेतून उठल्यावर डोकं लगेच जागेवर येत नाही हे रात्रपाळी केलेल्या कुणालाही सांगायला नको. विमानतळाचं रडार बंद होतं म्हणून खाली उतरायला उशिरा मिळालं, त्यामुळे विमान हवं त्यापेक्षा खूप वर, मग नाक खाली करून धावत पळत. ८०३३ फुटांच्या रनवेवर टेकलं ५२०० फुटांच्या आसपास. तिथे पाऊसही नव्हता! सहवैमानिक गो अराउंड गो अराउंड म्हणतोय. आणि मग इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग कमी करणारे रिव्हर्सर उघडल्यावर परत उडायचा प्रयत्न केला, जो करायचाच नसतो.

आता नियम आहेत की सोडून दिलं म्हणून पायलटला शिक्षा करायची नाही. पण ज्युनियरने साहेबाच्या हातातून कंट्रोल काढून घ्यायचं हे कागदावर सोपं आहे. कुठल्याही सरकारी ऑफिसात काम केलेल्याला कळेल.

रस्तेबांधणी · सोमवार, संध्याकाळी ६:३०

मंगलोरमध्ये अजून एक आहे. रनवेपलीकडे वाळूचा पट्टा होता, विमान त्यातून गेलं आणि उजवा पंख आयएलएसच्या, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेच्या, अँटेनाच्या काँक्रीटच्या आधाराला लागला. टोकापुढे उभं राहणारं काहीही ठोकर लागली की मोडून पडेल असं असायला हवं, हे जुनंच तत्त्व. १४ वर्षांनी दक्षिण कोरियात मुआनला काय झालं? २९ डिसेंबर २०२४, विमान चाकं न काढता पोटावर घसरत रनवे ओलांडून गेलं आणि त्याच अँटेनासाठी मातीखाली बांधलेल्या काँक्रीटच्या बांधाला धडकलं. १८१ मधले १७९. ते विमान रनवेबाहेर जाणं पक्ष्यांमुळे वगैरे ते वेगळं, पण बाहेर गेल्यावर समोर काय होतं हे कुणीतरी कधीतरी टेबलावर बसून ठरवलेलं होतं. ताईंचा तिसरा प्रश्न.

काडीलाव · सोमवार, संध्याकाळी ७:१०

मग वाळूपेक्षा चांगलं काही नाही का? आणि तुम्ही सगळे टाळताय ते विचारतो, कालिकतला मध्यंतरी रनवे कापून छोटा करायचं चाललं होतं सुरक्षिततेसाठी. रनवे छोटा केला तर धोका वाढेल का कमी होईल? डांबर तेच, फक्त रंगाची रेघ अलीकडे. सरकारी विनोद.

डिस्पॅचकाका · सोमवार, रात्री ९:४०

काडीलावराव, पहिल्यांदा तुम्ही खरा प्रश्न विचारलात.

डांबर तेच राहतं हे बरोबर. पण माझ्या कागदावर लांबी कमी येते आणि ६० टक्क्यांचं गणित त्या कमी लांबीवर बसवावं लागतं. बसलं नाही तर वजन कमी करा, माल उतरवा, किंवा ओल्यात पाठवारा असेल तर येऊच नका. म्हणजे ती रेघ विमानाला थांबवत नाही, ती माझ्यासारख्या डिस्पॅचवाल्याला सहा तास आधी थांबवते. आणि कोणी चुकलाच तर उरलेलं डांबर तिथे आहेच. ट्रॅक्टरच्या टाकीत रिझर्व्ह ठेवतात तसं.

तोटाही आहे, मोठी विमानं येत नाहीत, आखाताची तिकिटं महागतात, म्हणून तिथे लोकांनी विरोध केला आणि राज्य सरकारने जमीन घेऊन रेसा बाहेरच्या बाजूने वाढवायचा मार्ग धरला. तेही बरोबरच. फक्त जमीन घ्यायला वर्षं लागतात आणि पाऊस दर जूनला येतो. विमान सुरक्षेचे जाणकार कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी त्या रनवे १० बद्दल, ओलं आणि पाठवारा असताना तिथे उतरू नये म्हणून, २०११ मध्येच पत्र लिहून ठेवलेलं. नऊ वर्षं आधी.

रस्तेबांधणी · सोमवार, रात्री १०:३०

वाळूपेक्षा चांगलं आहे, इमास म्हणतात. हलकं, फेसाळ सिमेंटचे ठोकळे, चाक त्यात रुतत जातं आणि ठोकळे चुरडत विमान थांबतं, लहान मुलाने बेसनवडीत बोट घालावं तसं. साधारण ७० नॉट्सपर्यंतच्या वेगाने आलेलं विमान थांबवायच्या हिशोबाने करतात. न्यूयॉर्कच्या जेएफकेवर त्याने एकापेक्षा जास्त वेळा विमानं थांबवली, त्यात २००५ ला एक मालवाहू ७४७ सुद्धा.

पण मला सगळ्यात लागलेलं उदाहरण वेगळं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्स्टनचा येगर विमानतळ, डोंगर सपाट करून केलेला, आपल्या मंगलोरसारखाच टेबलटॉप. १९ जानेवारी २०१०, एका छोट्या जेटने उड्डाण मध्येच रद्द केलं, रनवे संपला, आणि दरीच्या अलीकडे इमासमध्ये रुतून थांबलं. ३४ लोक, कोणाला काही नाही. त्यानंतर चार महिन्यांनी मंगलोर झालं. अमेरिकेतल्या त्या बातमीला आपल्याकडे कोणी विचारलंही नसेल.

पुढची गोष्ट ऐका आणि मग म्हणा सिव्हिलवाले रडतात का. २०१५ च्या मार्चमध्ये तोच इमास ज्या भरावावर होता तो उतारच खाली कोसळला. माती भरून उंच केलेला उतार तो. विमान थांबवायची गादी आणि तिच्याखालचा डोंगर दोन्ही सांभाळावे लागतात. आपल्या कोकणात पावसात दरवर्षी दरडी कुठे येतात ते आठवा.

आकडेमोड · मंगळवार, पहाटे ४:५०

या येगर-मंगलोर जोडीवर मी एक स्लाइड करून ऑफिसात दाखवणार, परवानगी असावी.

एक भर. आता मोजणं बदललंय. पूर्वी अपघात झाले तरच आकडे मिळायचे, आणि अपघात इतके कमी की आकडेशास्त्र करायलाच काही उरत नाही. समजा एखाद्या विमानतळावर दर दहा लाख लँडिंगला एक ओव्हररन, आणि वर्षाला लाखभर लँडिंग, तर दहा वर्षांतून एकदा. नऊ वर्षं सगळं छान दिसणार. आता प्रत्येक विमानाच्या रेकॉर्डरमधून रोजची माहिती काढतात, कुठे टेकलं, किती वेगाने, टोकापासून किती अलीकडे थांबलं. म्हणजे अपघात न होताही कळतं की या रनवेवर विमानं हळूहळू लांब टेकायला लागलीत. आणि एअरबसने तर कॉकपिटमध्येच यंत्रणा बसवली जी उतरताना सतत हिशोब करते आणि रनवे पुरणार नाही असं दिसलं की ओरडते.

डिस्पॅचकाका · मंगळवार, सकाळी ९:००

परवानगी कशाला हवी. आणि ओला रनवे सांगायची पद्धतही बदलली. २००५ च्या डिसेंबरात शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फात एक विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेलं आणि गाडीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. 'ब्रेकिंग फेअर', 'ब्रेकिंग गुड' असे शब्द एकेक पायलट आपापल्या अंदाजाने सांगायचा. त्यातून पुढे नवीन पद्धत आली आणि ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर लागू झाली. रनवेचे तीन भाग करायचे, प्रत्येकाला शून्य ते सहा आकडा. सहा म्हणजे कोरडा, ओला म्हणजे पाच, पण पाणी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त साचलं की एकदम दोन. बघा, साधा ओला आणि साचलेलं पाणी यात केवढा फरक. ३ मिलिमीटर म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तर तेवढं.

खिडकीजवळचा · मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांना दंडवत. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला जेवताना सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या ओरडणाऱ्या काकांना पाठव हे. नंबर घेतला नाही त्यांचा, आणि घेतला असता तरी त्यांनी वाचलं नसतं. पायलट मात्र उतरताना दारात उभा होता, पोरगेलासा, आई त्याला काही बोलली नाही याचं तिला आता वाईट वाटतंय.

पेठेतली_आजी · बुधवार, सकाळी ६:३०

काका, गणपतीत कोकणात विमानाने जायचा मुलाचा हट्ट आहे. चिपी, सिंधुदुर्गचा विमानतळ, तो पण सड्यावरच आहे ना? जाऊ का नको?

डिस्पॅचकाका · बुधवार, सकाळी ९:१५

आजी, बिनधास्त जा. रनवे २५०० मीटर आहे. फक्त पाऊस फार असला आणि पायलटने सोडून दिलं तर विमान गोव्यात मोप्याला नाहीतर परत मुंबईला जाऊ शकतं, त्यामुळे मोदक आणि बीपीच्या गोळ्या खालच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.